विषय देता का विषय?

ऑनलाइन पदवीच्या शेवटच्या टप्प्यावर एक विषय असा येतो, ज्याला पुस्तक नाही, मागच्या वर्षीचा पेपर नाही आणि चार पर्यायांपैकी एकावर टिचकी मारायची सोयही नाही. त्याला कॅपस्टोन प्रोजेक्ट म्हणतात. साहजिकच घबराट पसरते.

तोवर सगळं सुरळीत चाललेलं असतं. व्हिडिओ दीडपट वेगानं पळवायचा, मध्येच उगवलेल्या प्रश्नाला 'ब' म्हणायचं, 'ब' चुकला तर 'क' म्हणायचं, आणि प्रगतीची हिरवी पट्टी पुढं सरकताना बघून समाधानानं चहा टाकायचा. अशी दोन-अडीच वर्षं गेल्यावर एके दिवशी पडद्यावर सूचना येते: 'तुमच्या आवडीची समस्या निवडा.' बालवाडीपासूनचा अलिखित करार असा की प्रश्न त्यांनी काढायचे आणि उत्तरं आपण द्यायची. तो करार इथं एकतर्फी मोडला जातो, तोही फी पूर्ण भरून झाल्यावर.

तरी पहिल्या लाइव्ह सेशनला हजेरी चांगली असते. कॅमेरे बंद, पण हजेरी चांगली. मार्गदर्शक तासभर संशोधनाची समस्या कशी शोधावी हे सांगतात आणि शेवटी विचारतात, "काही शंका?" मग मात्र चॅटमध्ये पाऊस पडतो. किती पानं? फॉन्ट कुठला? स्पेसिंग दीड की दोन? स्पायरल चालेल की हार्ड बाउंडच? अभ्यासक्रम ऑनलाइन, गुणपत्रिका डिजिलॉकरात, क्रेडिट बँकेत, आणि काळजी कशाची, तर पुठ्ठ्याच्या रंगाची. टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, एवढं ठरलं की निम्मा प्रोजेक्ट झाला असं मानून मंडळी बाहेर पडतात. समस्येबद्दल शंका कुणालाच नसते, कारण समस्याच नसते.

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याच्या हिशेबानं एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. चार क्रेडिटांच्या प्रोजेक्टला १२० तास झाले. हे तास कुठं जातात हे आराखड्यात लिहिलेलं नाही, पण बाहेर सगळ्यांना माहीत आहे: सीनियरचा रिपोर्ट मिळवण्यात. त्यासाठी दोन व्हॉट्सअॅप ग्रुप लागतात. एक अधिकृत, त्यात मार्गदर्शक असतात आणि तिथं फक्त 'थँक यू सर' लिहायचं. दुसरा मार्गदर्शकांना वगळून काढलेला, आणि खरं विद्यापीठ तिथं भरतं. 'कुणाकडे मागच्या बॅचची पीडीएफ आहे का? प्लीज, अर्जंट' हे त्या विद्यापीठाचं ब्रीदवाक्य.

व्यवस्थापन शाखेचं त्यातल्या त्यात बरं आहे. तिथं विषय शोधावाच लागत नाही, तो पूर्वजांनीच घालून दिलेला आहे: 'अ स्टडी ऑन कस्टमर सॅटिस्फॅक्शन विथ स्पेशल रेफरन्स टू', पुढं रिकामी जागा. जागेत बँक घाला, मोबाइल घाला, वॉटर प्युरिफायर घाला. ग्राहक कधी कशानं असमाधानी असल्याचं या शाखेच्या इतिहासात फारसं नोंदलेलं नाही. मग गूगल फॉर्म. रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली माणसाचा कल मोजायची एक पट्टी मांडली. 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या पाच पायऱ्या तिच्यातूनच आल्या. त्या सद्गृहस्थांना काय कल्पना, की पुढं इलेक्ट्रिक स्कूटरच्या ग्राहक-समाधानाचा फॉर्म कोपरगावची मावशी भरेल, जिच्याकडे स्कूटर नाही, आणि साताऱ्याचे काका भरतील, ज्यांचा चष्मा सापडत नाही! शंभर जणांचा नमुना हवा असतो. 'फॅमिली' ग्रुप, 'दहावी अ' ग्रुप आणि सोसायटीचा ग्रुप मिळून तो एका संध्याकाळी भरतो. निष्कर्ष: ८२ टक्के ग्राहक समाधानी. भाच्याचा फॉर्म आहे म्हटल्यावर मावशी असमाधानी राहील कशी?

डेटा सायन्सवाल्यांना वाटतं आपण यापलीकडचे. त्यांच्याकडे टायटॅनिक आहे. १५ एप्रिल १९१२ला बुडालेलं हे जहाज कॅगल या डेटा-स्पर्धांच्या साइटवर रोज नव्यानं बुडतं. ८९१ प्रवाशांची यादी, कोण वाचलं, कोण गेलं, वय, भाडं, वर्ग. आणि नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये बसलेला आमचा तरुण मशीन लर्निंग लावून सांगतो की पहिल्या वर्गातल्या बायका वाचण्याची शक्यता जास्त होती. प्रवासी बाई की पुरुष, एवढं एकच बघून अंदाज केला तरी बहुतेक उत्तरं बरोबर येतात, पण एवढं साधं लिहून पानं कशी भरणार? टायटॅनिक दुसऱ्यानं उचललं असेल तर आयरिस असतं. १९३६ साली रोनाल्ड फिशरनं छापलेली १५० फुलांची मोजमापं, तीन जाती, प्रत्येकी पन्नास फुलं. या फुलांइतकं मोजमाप आपल्याकडे नगरपालिकेनं गटाराचं केलं असतं तर पावसाळ्यात घरात पाणी शिरलं नसतं.

आणि घरांच्या किमती? त्या बॉस्टनच्या. पुण्यात वन बीएचके घेताना बापाचा पीएफ संपला, पण पोराचा प्रोजेक्ट बॉस्टनवर, सत्तरच्या दशकातल्या. त्या माहितीत वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला एक स्तंभ होता. त्यावर आक्षेप आले आणि सायकिट-लर्न या सॉफ्टवेअर लायब्ररीनं तो अख्खा संचच काढून टाकला. आमच्या रिपोर्टात मात्र बॉस्टनची घरं अजून शाबूत आहेत, कारण सीनियरच्या रिपोर्टात ती होती.

चोरी पकडायला सॉफ्टवेअर आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम सांगतात की दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर माफ, त्यापुढं शिक्षेच्या पायऱ्या, साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. त्यामुळे दहा टक्के हा आपला हक्काचा कोटा आहे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. गंमत अशी, की रिपोर्टातलं सगळ्यांत जास्त उतरवलेलं पान म्हणजे 'हे काम माझं स्वतःचं असून कुठूनही उतरवलेलं नाही' हे प्रतिज्ञापत्र. ते पिढ्यान्‌पिढ्या शब्दशः चालत आलेलं आहे, त्यातल्या व्याकरणाच्या चुकांसकट.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि सीनियरचा भाव पडला. आता विषय थेट यंत्राला मागतात. यंत्र बिचारं सज्जन, ते दहा विषय देतं. पण चाळीस जणांनी मागितले तरी तेच दहा देतं, आणि मग बॅचमध्ये कोण कुठला घेणार यावरून भांडणं लागतात. स्वतःला पडलेला नसलेला प्रश्न आपण आधी घेतला म्हणून दुसऱ्याशी अबोला धरणं, ही शैक्षणिक प्रगती मी तरी पूर्वी पाहिली नव्हती.

या सगळ्यावर एक उतारा मला मनापासून आवडला. आयआयटी मद्रासनं २०२० साली प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिच्यात धंद्यातल्या डेटाचा एक प्रोजेक्ट आहे. विद्यार्थ्यानं घरातून उठायचं, एखाद्या खऱ्या व्यावसायिकाकडे जायचं, त्याचे आकडे मिळवायचे, त्याची अडचण समजून घ्यायची आणि तिच्यावर काहीतरी सुचवायचं. कल्पना झकास. फक्त ज्यांनी ती काढली, त्यांनी एकदा आपल्या पेठेतल्या किराणा दुकानात जाऊन "काका, रोजची विक्री किती हो?" असं विचारून बघावं.

काकांचा हात आधी गल्ल्यावर जातो. मग ते विचारतात, "कुठल्या ऑफिसातनं आलास?" कॉलेजातनं, म्हटलं की विचारतात, "कुठल्या?" ऑनलाइन, म्हटलं की संशय पक्का होतो. अशी कॉलेजं फोनवर केवायसी अपडेट करून देतात, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांची भीती अगदीच हवेतली नाही. २०२५च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरात कित्येकांनी क्यूआर कोड उतरवून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे काकांना पाठ आहे. तेव्हा आपण कुठल्या बाजूला आहोत, हे ते एखाद्या पोराला प्रोजेक्टसाठी का सांगतील?

समजा काका मानले. आईची ओळख निघाली, 'अरे, तू जोशीबाईंचा का!' झालं. आता पोराला हवी एक्सेल शीट आणि काकांकडे आहे लाल कापडाची वही. त्यात 'बंड्या ३४०', 'वरचे काका तेल', 'शाळेसमोरची, पुढच्या सोमवारी' अशा नोंदी. शिवाय दुकानाच्या लेटरहेडवर परवानगीचं पत्र हवं. लेटरहेड नाही. मग पोरगंच कॅनव्हावर लेटरहेड करतं, वर श्री घालतं, शिक्काही बनवून आणतं. काका आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दुकानाचा शिक्का बघतात आणि तो उधारीच्या चिठ्ठ्यांवर मारायला ठेवून घेतात. त्या संपूर्ण प्रोजेक्टातून धंद्याचा एवढा फायदा मात्र नक्की होतो.

वही चाळून झाली, पंधरा-वीस पानांचे फोटो झाले. पोरगं निघता निघता काका म्हणतात, "शिकलेला आहेस तर एक सांग. या वहीत दोनशे नावं आहेत. यातले कोण पैसे बुडवणार, ते आधी कळेल का? पावसाळा लागला की काही जण फिरकत नाहीत. पगार झाला की काही जण समोरच्या मॉलात जातात आणि महिनाअखेरीला माझ्याकडे येतात. हे सगळं लिहिलेलं आहे बघ, तारखेसकट. बापाच्या वेळेपासूनच्या वह्या आहेत वर माळ्यावर. काढून देऊ?"

पोरगं क्षणभर थांबतं. मग फोन काढून सबमिशनची तारीख बघतं आणि म्हणतं, "नको काका. माझं प्रपोजल अप्रूव्ह झालंय. कस्टमर सॅटिस्फॅक्शन."