शाल, श्रीफळ आणि सल्ला

कोल्हापुरात फुटबॉलपटूचा दर ठरलेला आहे : एक नारळ. शाल मंडळाच्या ऐपतीवर, फेटा निवडणूक जवळ असेल तर. नारळ मात्र पक्का. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या १९ वर्षांच्या पोराला बाहेरच्या व्यावसायिक क्लबनं करार देऊ केला, की आठवड्याच्या आत त्याचा जाहीर सत्कार होतो. व्यासपीठावरचा प्रत्येक मान्यवर उठून त्याच्या हातात नारळ ठेवतो आणि कानात सल्ला : "खेळ काय, आहेच. आधी डिग्री पूर्ण कर." पोरगं वाकतं, पाया पडतं, हातातला नारळ काखेत सरकवतं आणि पुढच्या नारळाला हात मोकळे करतं. चौथ्या मान्यवरापर्यंत स्ट्रायकरचा गोलकीपर झालेला असतो.

नारळाशी आपलं वैर नाही. पांढऱ्या रश्श्याला त्याचं दूध लागतं, रविवारची सोय होते. प्रश्न एवढाच, की ज्या खेळावर शाहू स्टेडियमबाहेरचा भेळवाला, पार्किंगवाला, स्पीकरवाला आणि फलक छापणारा असे सगळे दोन पैसे मिळवतात, त्यात फक्त खेळणाऱ्यानंच हौशी का राहावं? बाहेरगावचा, बाहेरदेशचा खेळाडू पेठेच्या संघात आणायचा तर हंगामाचे पैसे ठरतात, राहण्या-जेवणाची व्यवस्था होते, आणि ते योग्यच आहे. काम केलं, दाम घेतलं. त्याच संघात डाव्या बगलेवर पळणाऱ्या घरच्या पोराला मात्र पेठेची इज्जत सांगितली जाते. इज्जतीला नव्वद मिनिटं लागतात, शिवाय जादा वेळ. पैशासाठी खेळणं आपल्या मातीत बसत नाही, असं कुणी म्हणेल तर खासबागेत एक चक्कर मारावी. ते मैदान १९१२ चं. संस्थानच्या पैलवानाला राजाश्रय होता, खुराक होता, जिंकलेल्या जोडीचं इनाम होतं, आणि आखाड्यात उतरण्याआधी वस्तादानं कुणाची गुणपत्रिका तपासल्याचं ऐकिवात नाही. शंभर वर्षांपूर्वी जे गाव खेळाडूला पोटाला घालत होतं, ते आता नारळावर आलं, याला प्रगती म्हणायची असेल तर म्हणा.

राहिला "इतक्या लवकर?" हा सवाल. लवकर म्हणजे कुणापेक्षा? इंग्लंडमध्ये १७ व्या वर्षी पोरगं व्यावसायिक करारावर सही करू शकतं, आणि त्याआधी आठ-नऊ वर्षांचं असल्यापासून ते क्लबच्या अकादमीत असतं. अमेरिकेत बास्केटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगनं २००६ च्या निवडीपासून १९ वर्षांची अट घातली, तर हुशार पोरं नियमापुरतं एक वर्ष कॉलेजात काढून निघू लागली. पुढं तिथल्या कॉलेज खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावावर कमाई करायला मुभा मिळाली आणि २०२५ पासून कॉलेजांनाच थेट पैसे देता येऊ लागले. म्हणजे "शिक्षण आधी" म्हणणाऱ्यांनीही शेवटी पाकीट काढलं. फुटबॉलपटूचे पाय तिशीच्या पुढं फार वर्षं साथ देत नाहीत. १९ व्या वर्षी निघणारा लवकर निघालेला नसतो, धावत गाडी पकडत असतो. उलट आपल्याच घरात बघा. थोरला भाऊ पुण्यात खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतोय. वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. तो पाचव्यांदा पूर्वपरीक्षेला बसला तरी घर म्हणतं, "चिकाटी आहे पोरात." जागा शेकड्यात, अर्ज लाखांत, तरी त्याला कुणी जुगार म्हणत नाही. धाकट्याच्या हातात सहीला ठेवलेला कागद आहे, त्यावर महिन्याचा पगार लिहिलाय, तर हे लगेच धाडस! या घराला खेळ नको असतो असं नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र हवं असतं. हजारोंच्या गॅलरीसमोर मारलेल्या गोलला त्या अर्जात रकाना नाही, म्हणून आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत खेळायचं आणि मग बूट माळ्यावर टाकून लिपिक व्हायचं, असा तो सरळ रस्ता.

डिग्रीचं म्हणाल, तर ती कुठं पळून चाललीय? २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिकता शिकता बाहेर पडायची आणि परत यायची सोय आहे. दुसरं वर्ष पूर्ण झालं की पदविका हातात, कमावलेली क्रेडिट सात वर्षं खात्यावर जमा. हे धोरण किती क्रांतिकारी आहे, यावर सभागृहात व्याख्यानमाला झालेली असते. त्याच सभागृहात, बहुधा त्याच माइकवरून, पोराला सांगितलं जातं की आता बाहेर पडलास तर शिक्षण बुडालं. आणि गंमत ऐका. पोरगं कॉलेजसाठी आंतरविभागीय खेळायला गेलं म्हणून तास बुडले, तास बुडले म्हणून ७५ टक्के हजेरी भरली नाही, हजेरी भरली नाही म्हणून सूचनाफलकावर नाव. शेजारच्या काचेत त्यानंच आणलेला चषक. एक यादी क्रीडा विभागाची, दुसरी कार्यालयाची. मधे एक जिना. तो जिना चढून "हा पोरगा आपल्यासाठीच खेळत होता" असं सांगायला कुणाला सवड नाही, पण त्याच्या वीस वर्षांनंतरच्या पोटापाण्याची काळजी करायला सगळ्यांना आहे. ही काळजी नव्हे. फुकटचा माणूस हातचा जाऊ नये म्हणून चाललेली धडपड आहे.

"गुडघा गेला तर?" हा आक्षेप मात्र खरा आहे. पण गुडघ्याला कॉलेजचा सामना आणि व्यावसायिक सामना यातला फरक कळत नाही. कडक, उखडलेल्या मैदानावर नारळासाठी खेळतानाही लिगामेंट तुटतं, आणि तेव्हा काय होतं ते गावाला ठाऊक आहे : व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरतो, वर्गणी निघते, मदतीसाठी प्रदर्शनीय सामना लागतो आणि त्यातही पाहुण्यांना नारळ! करारात निदान उपचाराचं कलम मागून घेता येतं. "क्लबनं दोन वर्षांत नारळ दिला तर?" देऊ दे की. तिथं आधी पगार, मग नारळ. इथं पहिल्या दिवसापासून नारळच. "पगारच थकवला तर?" याला खांदे उडवून चालणार नाही. २०२५ मध्ये देशातली सर्वांत वरची फुटबॉल लीगच लांबणीवर पडली, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. भारतीय फुटबॉल हा भरवशाचा मालक नाही. पण यावरचा उपाय तिसऱ्या वर्षाचा इतिहासाचा पेपर नाही. उपाय करार वाचणं हा आहे. जागतिक नियमांप्रमाणं करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराच्या आतल्याला तीन. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी मोकळं होण्याची वाट. व्यासपीठावरच्या मान्यवरांत एक तरी वकील असतोच. त्यानं सल्ल्याऐवजी अर्धा तास देऊन पोराच्या बापाला ती पानं मराठीत समजावली असती, तर सत्काराला अर्थ आला असता.

पेठेचा संघ चालवणाऱ्या तालमीचं दुखणं वेगळं आणि जरा माणुसकीचं. बारा वर्षांचं होतं तेव्हापासून पोरगं घडवलं, आता ऐन हंगामात जातो म्हणतंय. जागतिक नियमांत १२ ते २१ या वयात खेळाडू घडवणाऱ्या क्लबलाही मोबदल्याची सोय आहे. पण त्याला वर्षवार नोंद लागते, आणि आपल्याकडं वर्षानुवर्षं नीट लिहिलेली वही फक्त लग्नातल्या अहेराची. ती शिस्त खेळाडूंच्या नोंदीला लावली, तर पोरगं जाताना तालमीच्या पदरातही चार पैसे पडतील. आणि कट्टर सामन्यात डावीकडून कोण पळणार याचा घोर लागला असेल, तर राखीव खेळाडूंच्या बाकावर १७ वर्षांचं एक पोरगं दोन हंगाम पाण्याच्या बाटल्या उचलतंय. त्याला उतरवा की.