चटईएवढी गरिबी

मुंबईत गरिबी ४६.४५ चौरस मीटरला संपते. फुटांत सांगायचं तर ५०० ला. तेवढ्या चटईक्षेत्रात मावणारा तो गोरगरीब; एखादा फूट जास्त झाला की तो खुशाल कर भरण्याइतका सुखवस्तू. हा शोध कुठल्या अर्थशास्त्रज्ञाला लागला नाही, २०१७ च्या महापालिका निवडणुकीतल्या वचनाला लागला.

मार्च २०१९ मध्ये, लोकसभेची आचारसंहिता उंबरठ्यावर असताना, सरकारने ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कराची माफी जाहीर केली. आदेश नीट वाचल्यावर कळलं की माफ झालाय तो फक्त सर्वसाधारण कर. जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर, त्याचा लाभ कर, पथकर, वृक्ष उपकर ही सगळी भावकी जागच्या जागी. पूर्ण माफीला २०२२ उजाडावं लागलं. तेव्हाही महापालिकेची निवडणूक तोंडावर आली, असं सगळेच धरून चालले होते. ती पुढे काही वर्षं आलीच नाही, पण माफी देऊन बसले होते, आता परत कशी घेणार?

या माफीत उत्पन्न कुणी विचारत नाही. मलबार हिलला समुद्राकडे तोंड करून बसलेला ४९० फुटांचा फ्लॅट कायद्याने गरीब आहे. दहिसरला ५१० फुटांत तीन भावांचे संसार असतील, तर ते नाहीत. त्यात मुंबईचा कर २०१० पासून भांडवली मूल्यावर. म्हणजे जागा जितकी महाग तितका कर जास्त, आणि जितका कर जास्त तितकी माफीही जास्त. मलबार हिलच्या गरिबाला मानखुर्दच्या गरिबापेक्षा सरकारने जास्त सावरलं आहे.

पुण्याला फुटांचं कौतुक नाही. पुण्याचा प्रश्न तत्त्वाचा असतो: या घरात राहतं कोण? मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत, असा ठराव १९७० चा. तो चाळीसएक वर्षं सुखाने नांदल्यावर लेखापरीक्षकांच्या डोळ्यांत खुपला. २०१८ मध्ये राज्य सरकारने तो मोडीत काढला, २०१९ पासून नव्या मिळकतींची सवलत गेली आणि काही जुन्यांच्या हाती फरकाची बिलं पडली. मार्च २०२३ मध्ये कसब्याच्या पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांची अनेक वर्षांची जागा गेली. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत आणली. वसंत ऋतूत पालवी फुटतेच, त्याचा निवडणुकीशी संबंध जोडू नये.

पण गेलेली सवलत परत हवी तर पीटी-३ नावाचा अर्ज आणि २५ रुपये शुल्क. तुम्ही तुमच्याच घरात राहता, हे कागदाने शाबीत करायचं. कल्पना करा, पेठेतला वाडा पडला, इमारत उभी राहिली आणि आजींच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. मिळकत नवी, म्हणून अर्ज. समोर पेठ निरीक्षक.

‘आजी, या घरात कोण राहतं?’

‘मी.’

‘पुरावा?’

‘ही काय उभी आहे तुमच्यासमोर.’

‘ते दिसतंय हो. सोसायटीचं पत्र, गॅसचं कार्ड, रेशनकार्ड, असं काही?’

‘रेशनकार्डावर वाड्याचा पत्ता आहे.’

‘म्हणजे तुम्ही वाड्यात राहता.’

‘अहो, वाडा पाडला!’

‘मग पाडलेल्या वाड्यात राहतात, असं लिहू का?’

इथवर निभावेल. पण आजी खरं बोलणाऱ्या. आतल्या खोलीत एमपीएससीचा एक मुलगा ठेवलाय, पेन्शन पुरत नाही म्हणून, हेही त्या सांगून टाकतात. झालं! भाडेकरू म्हणजे स्वतःचा वापर नाही, आणि स्वतःचा वापर नाही म्हणजे ४० टक्के नाहीत. पैसे पुरत नव्हते म्हणून खोली दिली, खोली दिली म्हणून कर वाढला, आणि आता वाढलेला कर त्या मुलाच्या भाड्यात चढणार. तोही बिचारा मेसचा एक डबा दोन वेळा पुरवून खाणारा. त्याच्या खिशातून जाणाऱ्या घरपट्टीला सवलतीचा अर्जच छापलेला नाही, कारण कागदोपत्री तो कर भरतच नाही.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात मात्र साहेब, मॅडम आणि दोन कुत्री एवढेच राहतात, सगळे स्वतःच्या वापरासाठी. त्यांना ४० टक्के चोख मिळतात, आणि मोठ्या आकड्याचे ४० टक्के मोठेच असतात. ठरलेल्या मुदतीत एकरकमी भरलं तर सर्वसाधारण करात आणखी थोडी सूट. ती घ्यायला आधी एकरकमी पैसे असावे लागतात, हे जाता जाता.

ज्यांच्याकडे नसतात, त्यांच्या थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते. फार चढली की अभय योजना येते. २०२० मध्ये पुण्यात शास्तीची ८० टक्क्यांपर्यंत माफी होती. तेव्हा आजींना जाणत्यांचा सल्ला असा की, अर्ज-बिर्ज सोडा, सरळ थकवा आणि अभयाची वाट बघा. धोका एवढाच की मधल्या काळात वसुलीचं पथक दारात बँड वाजवायला येऊ शकतं. पण त्यालाही हरकत नसावी. स्वतःच्या घरात राहतो हे सांगायला २५ रुपये पडतात. बँड महापालिका स्वखर्चाने आणते, आणि वाजवण्याआधी घरात कोण राहतं याचा पुरावाही मागत नाही.