दोघांना स्टेंट, एकालाच पैसे

“ताई, कळलं का? अण्णांना दहा लाख मिळाले. एकरकमी! आणि आपल्या बापूंना भोपळा.”

सुमन धुण्याची बादली घेऊन आली होती आणि मी कुरडयांच्या चादरीची टोकं विटांनी दाबत होते. आमच्या दोन अंगणांमध्ये तारेचं कुंपण आहे. त्याची वरची तार एका जागी पार लोंबलीय, तीस वर्षं दोन्हीकडून कोपर टेकून टेकून. सुमननं बादली खाली ठेवून नेहमीच्या जागी कोपर टेकला, तेव्हाच ओळखलं, आज काही धुणं लवकर दोरीवर जात नाही.

“हळू बोल,” मी म्हटलं. बापूंच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच उघडते.

“हळूच बोलतेय. पण तुम्हीच सांगा. एकाच महिन्यात दोघं मिरजेला अ‍ॅडमिट, दोघांना स्टेंट, एजंट एकच, पॉलिसीसुद्धा एकाच कंपनीची. मग एकाला तूप आणि एकाला ताकही नाही? म्हणे अण्णांचा मेव्हणा तिकडं वरच्या जागेवर आहे.”

“अण्णांना मेव्हणाच नाही. अक्का एकुलती एक.”

“मग चुलतमेव्हणा असेल.”

मी छत्तीस वर्षं पोस्टात काउंटरवर काढली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीतला कुठलाही फॉर्म आधी माझ्या जेवणाच्या टेबलावर येतो. अण्णांच्या क्लेमची फाईल मीच लावून दिली होती आणि बापूंना आलेलं नकाराचं पत्रही त्यांनी मलाच वाचायला दिलं होतं. खरं तर अशा वेळी तोंडाला कुलूप लावावं. पण नसलेल्या मेव्हण्याची बातमी संध्याकाळच्या आरतीपर्यंत गणपतीच्या देवळात पोचली असती.

“ऐक. यात वशिला नाही की ओळख नाही. अण्णांना अटॅक आला होता. बापूंना आला नव्हता.”

“अहो, स्टेंट बसवला की बापूंना!”

“बसवला. जिना चढताना दम लागायचा, छाती भरून यायची, म्हणून अँजिओग्राफी केली. ब्लॉक निघाला, स्टेंट टाकला. झटका यायच्या आत सापडलं. त्यांच्या पॉलिसीत अटॅक आहे, छाती उघडून केलेली बायपास आहे. अँजिओप्लास्टी नाही. बायपासच्या खाली साफ छापलंय, हे धरणार नाही म्हणून. पान सव्वीस.”

“आणि अण्णांना मग कशाचे दिले?”

“अटॅकचे. स्टेंटचे नव्हेत. छातीतली कळ, ईसीजीत नव्यानं झालेला बदल आणि रक्तातलं वाढलेलं ट्रोपोनिन, ही तिन्ही त्यांच्या कागदांत होती. यातलं एक नसतं तरी अडलं असतं. डिस्चार्ज कार्डावर तर नुसतं अँजिओप्लास्टी असं मोठ्या अक्षरात. ते एकच कार्ड पाठवलं असतं, तर बापूंसारखंच पत्र आलं असतं. मी त्यांच्या पोराला परत पाठवला, पहिल्या रात्रीच्या ईसीजीची पट्टी घेऊन ये म्हटलं. गुलाबी चौकटींचा कागद असतो बघ. त्याच्या रेघा काही महिन्यांत फिक्या पडतात. त्यानं लगेच झेरॉक्स काढून ठेवली म्हणून निभावलं.”

सुमन जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “म्हणजे बापूंनी दोन-चार दिवस दुखणं अंगावर काढलं असतं, तर दहा लाख?”

“जगले असते तर.”

“मग नशीबवान कोण म्हणायचं?”

एक कावळा चादरीच्या कोपऱ्यावर उतरला होता. मी काठी उचलली.

“बापू तर त्या पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाणार म्हणतायत,” सुमन म्हणाली.

“जाऊ देत. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही. पण तिथंही शेवटी पान सव्वीसच उघडतील. आणि बापूंचं हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमनं भरलंच की, ते नाही सांगत कुणाला. राग यायचाच असेल तर एजंटचा येऊ दे. दरवर्षी कॅलेंडर न चुकता आणून देतो, ते पान मात्र एकदा वाचून दाखवलं नाही.”

एजंट म्हटल्यावर सुमनचा चेहरा जरा हलला. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि बादलीच्या कडेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेले कागद. म्हणजे अण्णा-बापू ही नुसती नांदी होती.

“तोच एजंट काल महेशकडं येऊन गेला. मार्च संपायच्या आत सही करा म्हणतोय, टॅक्स वाचेल. तुम्ही एकदा नजर टाका.”

महेश म्हणजे सुमनचा थोरला. अडतीस वर्षांचा. दोन टेम्पो, एक स्वतः चालवतो, एकावर ड्रायव्हर. मार्केट यार्डातून हळदीची पोती, बेदाण्याची खोकी, मिळेल ते भाडं. बायको घरी, दोन मुलं शाळेत. सुमनच्या पेन्शनीत तिचं औषधपाणी भागतं, तेवढंच.

“टॅक्स वाचतो जुन्या पद्धतीनं रिटर्न भरणाऱ्याचा. महेश कुठल्या पद्धतीनं भरतो?”

“ते मला काय ठाऊक? पण मी म्हणते, मेडिक्लेम आहे. शिवाय ते महात्मा फुले योजनेचं सरकारी कार्ड काढलंय, पाच लाखांचं. मग हे तिसरं कशाला?”

“ती दोन्ही राहू देत, ती हवीतच. पण ती पैसे कुणाला देतात? हॉस्पिटलला. महेश सहा महिने झोपून राहिला तर टेम्पोचा हप्ता हॉस्पिटल भरणार आहे का? हा गंभीर आजारांचा विमा बिल विचारतच नाही. पॉलिसीत लिहिलेला आजार झाला, डॉक्टरनं कागद दिला, की ठरलेली रक्कम खात्यात. मग तू त्यातून हप्ता भर, फी भर, नाहीतर टाटाला उपचाराला नेलं तर मुंबईत सोबतीला राहणाऱ्याची खोली भाड्यानं घे.”

हे सांगताना मला तो आफ्रिकेतला डॉक्टर आठवला. माणसाचं हृदय दुसऱ्या माणसात पहिल्यांदा बसवलं ते केपटाऊनमध्ये, 1967 साली, डॉक्टर ख्रिस्तियान बर्नार्डनी. त्यांचा भाऊ मारियस, तोही सर्जन, त्याच चमूत. ह्या मारियसनं बघितलं, की आपण पेशंट वाचवतो, पण पुढं त्याचं घर बसतं. नोकरी सुटलेली, साठवलेलं संपलेलं. त्यानं तिथल्या एका विमा कंपनीला गाठून 1983 मध्ये ही असली पॉलिसी बाजारात आणायला लावली. विमेवाल्यांच्या डोक्यातून नाही निघालेली ही गोष्ट, डॉक्टरच्या निघाली. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, “आपल्याकडचे डॉक्टर पॅकेज काढतात.” असो.

मी चष्मा लावला. वरच्याच कागदावर लाल अक्षरात ‘64 आजारांपासून संरक्षण’.

“चौसष्ट!” सुमन कौतुकानं म्हणाली. “दुसऱ्या कंपनीचा वीसच देत होता.”

“आकड्यावर जाऊ नकोस. आपल्या गल्लीतली माणसं मोज. अण्णांचं हृदय. देशपांडे बाईंना स्तनाचा कॅन्सर. कोपऱ्यावरच्या टेलरला डायलिसिस. तुझ्या दिराला अर्धांग. तीस वर्षांत पाचवं काही ऐकलंस? बाकीच्या साठांची नावं मला नीट वाचतासुद्धा येत नाहीत. त्यापेक्षा ही चार कशी लिहिलीत ते बघ. मुख्य 22 आजारांच्या व्याख्या सरकारच्या विमा नियामकानंच 2016 मध्ये बांधून दिल्यात. अर्धांग म्हणजे तीन महिन्यांनंतरही अंगात राहिलेलं. तोंड वाकडं झालं आणि दुसऱ्या दिवशी सरळ झालं, तर ते धरत नाहीत. कॅन्सर जागचा हललेला नसेल, अगदी पहिल्या पायरीला सापडला असेल, तर साध्या पॉलिसीत तोही नाही. काही पॉलिसी तशा कॅन्सरला रकमेचा काही हिस्सा देतात, काही अँजिओप्लास्टीलाही थोडे देतात. चार रुपये जास्त पडले तरी मी तसली घेईन.”

“आणि किती लाखांचा घ्यायचा? एजंट म्हणतो पाच पुरे.”

“एजंटला काय माहीत तुमच्या घरात किती लागतं. तू सांग.”

मग आम्ही कुंपणावरच हिशोब केला. घरखर्च तीस हजार, पिळून काढलं तरी. टेम्पोचा हप्ता चौदा. झाले चव्वेचाळीस हजार महिन्याला. माणूस मोठ्या आजारातून उठून पुन्हा पोती उचलायच्या लायक व्हायला दोन वर्षं धर. दहा लाख छपन्न हजार. पोरांची फी, सांगली-पुणे-मुंबई खेपा, सुट्टीवर न जाणाऱ्या सावकाराचं व्याज असं धरत गेलो तर बोट पंधरावर जाऊन थांबलं.

“पाच पुरे म्हणतो मेला,” सुमन म्हणाली.

“शिवाय हे बघ, खाली 18 टक्के जीएसटी लावलाय. स्वतः काढलेल्या आरोग्याच्या आणि आयुष्याच्या विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून काढून टाकलाय. हा गेल्या वर्षीचा छापील कागद चिकटवलाय त्यानं. विचार त्याला, म्हणावं नवा आण.”

हे मात्र सुमनला फारच आवडलं. बाकी सगळं विसरेल, पण एजंटला जीएसटीवरून धरायचं ती विसरणार नाही.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली आणि बापूंच्या घरातून कुकरची शिट्टी आली. आम्ही दोघी एकदम कुरडयांबद्दल बोलू लागलो. चीक नीट शिजला नाही की कशा तुटतात वगैरे. खिडकी मिटल्यावर सुमन पुन्हा आवाज उतरवून, “आज सही केली तर उद्यापासून चालू ना?”

“नाही. पहिल्या नव्वद दिवसांत काही निघालं तर पैसे नाहीत. आधीचं दुखणं असेल तर त्याला तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. आणि ह्या पॉलिसीत आजार कळल्यावर माणूस तीस दिवस जगला पाहिजे. काहींत कमी दिवस असतात.”

“आणि एकोणतिसाव्या दिवशी गेला तर?”

“तर यातून काही नाही. त्यासाठी आयुर्विमा.”

“म्हणजे मेल्यावर देणारा वेगळा आणि न मेल्यावर देणारा वेगळा! धन्य आहे.”

“वेगळाच बरा. महेशचा टर्म प्लॅन आहे ना पन्नास लाखांचा? त्यालाच जोडून घेता येतो, पण एक विचारून घे. काही जोडण्या अशा असतात, की आजारात दहा दिले की मागं चाळीसच उरतात.”

मी पुढचं पान उलटलं. अर्ज. एजंटनंच भरलेला, छान गोल अक्षरात. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. घरात कुणाला हृदयविकार, अर्धांगवायू, कॅन्सर? नाही. सुमनचे मालक बावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले, हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. कागदावर मात्र घर ठणठणीत. त्याखाली, तंबाखू कोणत्याही स्वरूपात? नाही.

मी चष्म्यावरून सुमनकडं बघितलं. तिनं बादलीकडं बघितलं.

“खात नाही हो तो,” ती म्हणाली. “आता सोडलीय.”

“सुमन, खोटं लिहून हप्ता दोन-पाच हजारांनी कमी होईल. पण उद्या तोंडाचंच काही निघालं…”

“शुभ बोला.”

“...तर कंपनी आधी हेच पान काढेल. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की लपवलं म्हणून सहसा नाकारता येत नाही, पण मुद्दाम फसवलं असं दाखवता आलं तर तीही ढाल नाही. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत परत करता येते, पैसे परत मिळतात, पण अर्जावर एकदा सही झाली की ते उत्तर महेशचं. एजंटचं नव्हे.”

ती काही बोलली नाही. धुणं तसंच राहिलं होतं, म्हणून तिनं वाकून वरची पँट उचलली, झटकली, आणि सवयीनं खिसे उलटे केले. उजव्या खिशातून ओली पुडी पडली. वर्खाचा कागद, पिवळं पाणी, कोपऱ्यात चुन्याचा पांढरा ठिपका.

दोघींनीही त्या पुडीकडं बघितलं.

“महेऽऽश!”

महेश दात घासत बाहेर आला. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग खाली जमिनीवर. ब्रश काढून म्हणाला, “काकू, ती ड्रायव्हरची आहे.”

“ड्रायव्हर तुझी पँट घालतो?” सुमन म्हणाली, आणि माझ्या हातातला अर्ज ओढून घेऊन तो कुंपणाच्या खांबावर सपाट केला. “ताई, पेन आहे का? निळं लागतं की काळं?”

“कुठलंही चालेल,” मी म्हटलं. “पण खाडाखोड केली की शेजारी त्याची सही घे.”

पेन आणायला आत गेले तेवढ्यात कावळ्यानं एक कुरडई नेली.