आपल्याच सोयीसाठी

'नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे. आत्ता टाकू, की रात्री?' एवढंच स्क्रीनवरच्या चौकटीत विचारतात. 'नको' असं लिहिलेलं बटण त्या चौकटीत नसतं. आपल्या मतदान यंत्रावर निदान 'नोटा' तरी असतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त कुणाच्या पोटात गोळा आणत असेल, तर व्हिडिओ एडिटरच्या. पत्र लिहिणाऱ्याचं काय जातं? त्याचं पत्र नव्या सिस्टिमवरही उघडतं, फार तर फॉन्ट बिघडतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र एकटं कधीच नांदत नाही. त्याला कोडेक लागतात, कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर लागतो, मागे खोचलेलं डोंगल लागतं, कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीचे प्लगइन लागतात. या गोतावळ्यातला एक जरी रुसला, तरी अर्धं मिक्सिंग झालेलं लग्न टाइमलाइनवर अडकतं. सप्तपदीची चार पावलं झालेली, तीन राहिलेली, आणि वधूपित्याचे फोन सुरू.

पण आपल्यासारख्या गरिबांच्या लग्नाचं सोडा, ऑस्करवाल्यांचं बघू. १९९९ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. वॉल्टर मर्चसारख्या दिग्गज संपादकाने 'कोल्ड माउंटन' हा चित्रपट त्यावर कापला, तेव्हा मोठ्या स्टुडिओंनीही नाक मुरडणं बंद केलं. फेब्रुवारी २०११ मध्ये 'द सोशल नेटवर्क'ला संपादनाचं ऑस्कर मिळालं. तोही फायनल कटवरच कापलेला. आता अशा सॉफ्टवेअरचं कंपनीने काय करावं? जून २०११ मध्ये ते विकणं बंद केलं! त्याच्या जागी आलं फायनल कट प्रो टेन. नवं, चकचकीत, किमतीनेही स्वस्त. फक्त जुन्या फायनल कटमधला एकही प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हता.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांना हे नवीन नाही. याला पुनर्विकास म्हणतात. बिल्डर टॉवरचं चित्र दाखवतो, लिफ्ट दाखवतो, लॉबीत कारंजं दाखवतो. आजीची शिसवी कपाटं दारातून आत जाणार नाहीत, हे ताबा घेताना कळतं. टेनमध्ये सुरुवातीला मल्टिकॅमही नव्हता, म्हणजे एकाच प्रसंगाचे तीन कॅमेरे एकत्र लावून कापायची सोय नव्हती. टेपवर नीट उतरवून द्यायची सोय नव्हती. व्यावसायिक एडिटर इतके भडकले, की अमेरिकेत कोनन ओब्रायनच्या कार्यक्रमाच्या एडिटरांनी या सॉफ्टवेअरची टर उडवणारा व्हिडिओच बनवला आणि तो टीव्हीवर दाखवला गेला. मल्टिकॅम पुढे जानेवारी २०१२ मध्ये आला. तोवर बरीच मंडळी बिऱ्हाड उचलून प्रीमियर किंवा ॲव्हिड या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरकडे निघून गेली होती.

जे गेले नाहीत, ते टेनच्या आधीच्या फायनल कट सेव्हनला चिकटून बसले. मग ऑपरेटिंग सिस्टिमने त्यांचा एकेक मजला रिकामा करायला घेतला. ॲपल आपल्या सिस्टिमना कॅलिफोर्नियातल्या जागांची नावं देते. २०१७ चं हाय सिएरा हे डोंगराळ भागाचं नाव. तिथे सेव्हन चालणार नाही, असं कंपनीने सांगून टाकलं. २०१८ चं मोहावे हे वाळवंट. तिथे ३२ बिटच्या प्रत्येक जुन्या सॉफ्टवेअरला 'तुमचे दिवस भरत आले' अशी नोटीस मिळायची. २०१९ चं कॅटालिना हे बेट, आणि त्या बेटाच्या होडीत ३२ बिटवाल्या एकालाही घेतलं नाही. त्यांच्यासोबत व्हिडिओ चालवणारं जुनं क्विकटाइम सेव्हनही किनाऱ्यावरच राहिलं. पुढे कुणा हौशी प्रोग्रामरने 'रेट्रोॲक्टिव्ह' नावाचं फुकट साधन लिहिलं आणि फायनल कट सेव्हन मोहावेवर चालवून दाखवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे जमलं नाही, असं कसं म्हणायचं? मनात नव्हतं, एवढंच.

खरी गंमत तर वेगळीच आहे. ज्या वर्षी कॅटालिनाने दार लावलं, त्याच वर्षी दक्षिण कोरियाचा 'पॅरासाइट' कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर नेले. संपादनाचं नामांकनही त्याला होतं. संपादक यांग जिनमो यांनी तो कापला होता फायनल कट प्रो सेव्हनवर. म्हणजे कंपनीने आठ वर्षांपूर्वी भंगारात काढलेल्या सॉफ्टवेअरवर. तळघरात लपून राहणाऱ्या माणसाची गोष्ट अशाच सॉफ्टवेअरवर कापली जावी, याला योगायोग म्हणवत नाही.

विंडोजवाल्यांनी हसू नये. २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइममध्ये सुरक्षेच्या भेगा सापडल्या. ॲपलने त्या बुजवायचं सोडून हात झटकले, आणि अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने ते काढून टाकायचा सल्ला दिला. पण प्रो-रेझसारख्या फॉरमॅटसाठी एडिटिंगची सॉफ्टवेअरं तेव्हा त्याच क्विकटाइमवर विसंबून होती. काढलं तर धंदा बंद, ठेवलं तर चोराला दार उघडं. विंडोजचा मूव्ही मेकर, ज्यावर निम्म्या देशाने वाढदिवसाचे पहिले व्हिडिओ जोडले, तो १० जानेवारी २०१७ रोजी काढून घेतला. विंडोज टेनचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज अकरा तर ठरावीक सुरक्षा सोय नसेल तर धडधाकट मशीनलाही उंबरठ्यावरूनच परत पाठवतं.

आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओवाल्यांनी यावर अस्सल देशी तोडगा काढला आहे: नेटची वायर उपटणे. मागच्या खोलीत एक जुनं मशीन असतं, त्यावर एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, आणि मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी: 'नेट लावू नये'. त्या मशीनमध्ये 'शुभविवाह'ची टायटलं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या नव्या मशीनवर तीच फाइल उघडली, की नवरा-नवरीच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि कंसांची खिचडी उमटते. सायबर तज्ज्ञ या वायर उपटण्याला जे भारदस्त नाव देतात ते स्टुडिओवाल्याला माहीत नाही. पण व्हायरसही नाही आणि अपडेटही नाही, एवढं त्याला पुरतं.

कंपन्यांचा युक्तिवाद खोटा आहे असं मात्र म्हणता येत नाही. ३२ बिटच्या प्रोग्रामला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरता येत नाही, आणि फोर-केच्या जमान्यात तेवढ्यात भागत नाही. जुनं आणि नवं दोन्ही सांभाळायचं म्हणजे दुहेरी खर्च. सगळं कबूल. पण टॉवर बांधायला कुणाची हरकत नव्हतीच. जुन्या घरातलं सामान हलवायची सोय बिल्डरने करायला हवी होती, ती त्याने केली नाही. फायनल कट सेव्हनचा प्रोजेक्ट टेनमध्ये न्यायची वाट पुढे तिसऱ्याच कंपनीने काढली, आणि तीही वेगळे पैसे मोजून. त्यासाठी आधी प्रोजेक्टची एक्सएमएल फाइल लागते. ती काढता येते फक्त चालू असलेल्या फायनल कट सेव्हनमधून! जुनं सॉफ्टवेअर सोडायचं असेल, तर आधी ते जिवंत ठेवा.

तेव्हा ज्यांच्याकडे असं मशीन अजून धुगधुगी धरून आहे, त्यांनी या आठवड्यात वेळ काढा. प्रत्येक प्रोजेक्टची एक्सएमएल काढा. पूर्ण झालेल्या फिल्म साध्या, कुठेही चालणाऱ्या फाइलमध्ये वेगळ्या ठेवा. मूळ कॅसेट आणि त्या वाचणारा कॅमेरा विकू नका. अख्ख्या डिस्कची एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा. हे सगळं होईपर्यंत ते मशीन भंगारवाल्याला दाखवूसुद्धा नका.