मिश्र प्रवाळटाकीची प्रकाशयोजना

मिश्र प्रवाळटाकीत तीन स्वभावांचे प्रवाळ एकाच एलईडी दिव्याखाली नांदवायचे असतात. खडकाच्या माथ्यावर अ‍ॅक्रोपोरा आणि माँटिपोरा असतात, त्यांना साधारण २०० ते ३५० पार प्रकाश लागतो. मधल्या कपारींत टॉर्च आणि हॅमर, ते १०० ते १५० वर खूश असतात. तळाशी मश्रूम, झोअँथिड आणि लेदर. त्यांना ५० ते १०० पुरतो. फार वाढला की मश्रूम आक्रसून दगडाला चिकटतात. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. दर चौरस मीटरवर दर सेकंदाला त्याचे किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, ते मोजले जाते. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीतली परिस्थिती एकाच पंख्याखाली आजोबांना हुडहुडी आणि नातवाला घाम, अशी असते आणि रेग्युलेटर मालकाच्या हातात असतो. अडचण तिथून सुरू होते.

हा मालक मराठी असला तर तो बहुधा न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहतो, नाशकात नाही. भारतात दगडी प्रवाळांचा २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंक्तीला बसले. मालवणचे प्रवाळ मालवणच्या समुद्रातच पाहायचे असतात.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याचे बरेचसे पोट उजेडावर भरते. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशापासून अन्न तयार करून त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देते. उजेड कमी पडला की शैवालाची संख्या वाढते आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागतो. झोअँथिड अशा वेळी माना लांब करून दिव्याकडे पाहतात. उजेड अति झाला की शैवालात ऑक्सिजनची विषारी रूपे तयार होतात, प्रवाळ त्याला घालवून देतो आणि त्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो.

पूर्वी टाकीवर २५० किंवा ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे असत. ते पाणी तापवत, म्हणून पाणी गार करायला चिलर लागे आणि दोन्हींची बिले एकदम येत. पण त्या दिव्यांना फक्त एक बटण होते. चालू आणि बंद यांपलीकडे मालकाच्या बुद्धीला वाव नव्हता. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी बनवला. या कामाबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना इसामू आकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासह मिळाले. निळ्या एलईडीमुळे कमी विजेत लख्ख पांढरा प्रकाश शक्य झाला, म्हणून हा सन्मान होता. प्रवाळटाकीचा मालक या शोधाचा उपयोग दिव्याच्या अ‍ॅपमधला पांढरा स्लायडर शून्याजवळ आणून करतो.

निळ्या रंगाच्या या वेडाचा विचार सविस्तर करणे भाग आहे. पाहुण्यांना त्याचे शास्त्रीय कारण सांगितले जाते: समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, निळा खोलवर पोचतो, म्हणून प्रवाळांना निळा मानवतो. हे खरे आहे. पण प्रस्तुत लेखकासह बहुतेक मालक ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू वर चढवतात तो प्रवाळांच्या अंगातल्या चमकणाऱ्या प्रथिनांसाठी. ही प्रथिने निळा प्रकाश गिळून हिरवा, नारिंगी किंवा लाल बाहेर टाकतात. अशा प्रथिनांतले पहिले प्रसिद्ध प्रथिन जेलीफिशमधले, त्याच्या शोधाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे ड्रॉइंगरूममधल्या या रोषणाईमागे दोन नोबेल उभी आहेत आणि मालक ती दोन्ही आपल्याच खात्यात धरतो. पांढऱ्या उजेडात जो प्रवाळ उकडलेल्या सुरणासारखा दिसतो, तोच निळ्यात जत्रेतल्या पाळण्यासारखा झगमगतो. विक्रेत्यांना हे ठाऊक असते. म्हणूनच अ‍ॅक्रोपोराच्या बोटभर फांदीला ‘वॉल्ट डिस्ने’ आणि टॉर्चला ‘होली ग्रेल’ अशी नावे देऊन ते निळ्या उजेडातच त्यांचे फोटो काढतात. फोटोचे शास्त्र आणखी वेगळे. निळ्या उजेडात फोनला सगळे निळेच दिसते, म्हणून लेन्सवर नारिंगी फिल्टर लावावा लागतो. अशा रीतीने आधी निळा दिवा विकत घ्यायचा, मग निळा घालवणारा फिल्टर विकत घ्यायचा, आणि तयार झालेला फोटो पुण्याला आईला पाठवायचा. आई प्रत्यक्ष आली, की टाकीसमोर थोडा वेळ उभी राहून विचारते, “अरे, ह्यांना दिवसाचा उजेड कधी दाखवतोस की नाही?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अ‍ॅपमध्ये नाही.

समुद्रात हीच झगमग कधीकधी संकटाची खूण असते. पाणी फार तापून शैवाल निघून गेले की काही प्रवाळ पांढरे पडण्याऐवजी जांभळे, गुलाबी, पिवळे असे झळाळतात. उघड्या सांगाड्यावरून निळा प्रकाश आत उसळत राहतो, त्यामुळे रंगद्रव्ये वाढतात आणि परतू पाहणाऱ्या शैवालावर सावली धरतात, असे साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले. उष्णता लवकर ओसरली तर शैवाल परत येते. रेंगाळली तर प्रवाळ त्या रंगांसकट मरतो. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांवर विवर्णतेची चौथी जागतिक लाट आल्याचे जाहीर झाले. त्या वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. तिथे कुणाच्या हाती स्लायडर नव्हता. टाकीचा मालक मात्र ज्या रंगासाठी पाहुण्यांना जेवणावरून उठवतो, तो रंग निरोगी आहे की घाबरलेला, हे त्याला एका नजरेत सांगता येत नाही, आणि हे तो कबूलही करत नाही.

दिवा लावताना पहिले काम मोजण्याचे. डोळ्यांवर विसंबू नये, माणसाचा डोळा निळ्याच्या बाबतीत आळशी आहे. फोनमधला लक्समापक त्याच डोळ्याच्या मापाने बनलेला असतो, त्यामुळे निळा दिवा त्याला कमी भासतो. पाण्याखाली चालणारा पारमापक लागतो. अमेरिकेतल्या प्रवाळ क्लबांत तो सभासदांना काही दिवसांसाठी मिळतो, अ‍ॅपोजीचा एमक्यू-५१० सर्वांच्या परिचयाचा. दिव्याच्या थेट खाली आणि कडेला, माथ्यावर आणि वाळूवर असे निरनिराळ्या जागी आकडे घ्यावेत. दिवा थोडा वर टांगला की मधला प्रखर डाग कमी होतो आणि प्रकाश पसरतो. माथ्यावर २५० च्या आसपास आकडा बसला की दिव्याला हात लावू नये. बाकीच्या प्रवाळांना त्यांच्या आकड्याच्या जागी हलवावे. सगळ्यांचे समाधान करायला दिवाच वरखाली करत राहणारा मालक कुणाचेच समाधान करत नाही.

दुसऱ्याच्या टाकीतल्या दिव्याचे टक्के उतरवून घेणे हा या छंदातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उद्योग आहे. त्याचा दिवा वेगळा, भिंग वेगळे, उंची आणि पाण्याची खोली वेगळी. त्याचे ६० टक्के इथे १०० पारही देतील किंवा ४०० देतील.

नवा दिवा वा नवा प्रवाळ असेल तर निम्म्या जोरापासून सुरुवात करून काही आठवड्यांत हळूहळू चढावे. एका दिवसाचा एकूण प्रकाशही पाहावा: २०० पार प्रकाश सलग १० तास मिळाला तर दिवसाचे ७.२ मोल होतात, १०० पारचे ३.६. सकाळी आणि संध्याकाळी उतार ठेवून आठ ते दहा तास पुरे. हे तास कुठले असावेत याचा निर्णय निसर्गाने करायचा नसून ऑफिसने करायचा असतो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या प्रवाळांची टळटळीत दुपार मालक घरी परतल्यावर सुरू होते. काही दिव्यांत ढग आणि विजांचा कडकडाटही दाखवता येतो. त्याचा प्रवाळांना काही उपयोग असल्याचे प्रस्तुत लेखकाला आढळलेले नाही, पण सोय वापरली जाते.

प्रवाळ बदलाला उत्तर द्यायला आठवडे घेतो. मालक दर संध्याकाळी स्लायडर हलवतो, त्यामुळे कुठले उत्तर कोणत्या प्रश्नाचे हे कुणालाच कळत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि नंतर पाहत बसावे. प्रकाश वाढला की वाढीचा वेग वाढतो आणि पाण्यातले कॅल्शियम व क्षारता लवकर संपते. क्षारता ८ ते ९ डीकेएचवर स्थिर ठेवावी. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेऊ नयेत, उपाशी प्रवाळ भर उजेडात लवकर फिका पडतो. फिका पडलेला प्रवाळ पाहून बहुतेक मालक आधी दिव्यावर संशय घेतात. पाण्याची चाचणी स्वस्त आहे, ती आधी करावी.

शेवटची गोष्ट देखभालीची. खाऱ्या पाण्याचे तुषार उडून दिव्याच्या काचेवर मिठाचा थर बसतो, उजेड कमी पडतो, आणि मालक अ‍ॅप उघडतो. त्याऐवजी दर पंधरवड्याला काच ओल्या फडक्याने पुसावी. पुसण्यापूर्वी प्लग काढावा.