विभक्तीला खो

आमच्या अक्काची धाकटी कन्या यंदा दहावीत असून शाळेच्या खो-खो संघातही आहे, आणि या दोन्ही प्रांतांत एकाच वर्षी अग्रस्थान पटकावण्याचा जो संकल्प तिने सोडला आहे, त्याचा भार तिच्यापेक्षा तिच्या आप्तस्वकीयांवर, त्यातही शाळेपासून हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड असलेल्या तिच्या अविवाहित मामावर, अधिक पडलेला आहे. पहाटेच्या सरावासाठी तिला जागे करणे, परतल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ हजर ठेवणे व संध्याकाळी भूमितीची प्रमेये ऐकणे ही तिन्ही खाती, आमचा राजीनामा नामंजूर करून, अक्काने आमच्याकडेच कायम ठेवली आहेत.

अक्काच्या महत्त्वाकांक्षेला इतिहासाचा आधार नाही असे मात्र म्हणता यायचे नाही. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना तिकडे जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, ही हकीकत ती येणाऱ्याजाणाऱ्यास सांगते, आणि सांगून झाल्यावर आमच्या दिवाणखान्याच्या चारही भिंतींवरून अशी काही दृष्टी फिरवते की गहाणखताचा मसुदा आपल्या डोळ्यांपुढे तयार होत असल्याचा आम्हांस भास व्हावा. म्हणून आम्ही घाईघाईने प्रा. दि. ब. देवधरांचे उदाहरण पुढे केले. 1926 साली पाहुण्या एम. सी. सी. संघाविरुद्ध 148 धावा काढणारा आणि पुढे महाराष्ट्राला 1939-40 व 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून देणारा हा कर्णधार पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असे, आणि या साऱ्या उद्योगात कोणाचेही घर गहाण पडल्याचे ऐकिवात नाही.

“संस्कृत?” भाचीने कान टवकारले. त्या विषयाशी तिचे वर्षानुवर्षांचे वैर होते. “मग ते मैदानावरच पाठ करायला हवं, मामा.”

ज्यांनी शाळा सोडल्यावर या खेळाकडे ढुंकूनही पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगणे प्राप्त आहे की, 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्याचे नियम प्रथम बांधून दिले त्या या खेळात पाठलाग करणाऱ्या नऊ गड्यांपैकी आठ जण दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि नववा धावत असतो. आता, पाटीवर बसलेले आठ आणि संबोधन धरून विभक्त्याही आठ, हा योगायोग पाणिनीच्या वा जिमखान्याच्या ध्यानी आला होता की नाही ते देव जाणे; आमच्या भाचीच्या मात्र तो तत्काळ आला. तिने एका खांबाजवळच्या मुलीस प्रथमा नेमले, दुसऱ्या खांबाजवळच्या मुलीस संबोधन, आणि मधल्या साऱ्यांना अनुक्रमे द्वितीयादी पदे बहाल केली. सराव पाहावयास आम्ही कुंपणाशी उभे असता, “अगं, षष्ठी रिकामी आहे, षष्ठीला खो दे!” अशा आरोळ्या ऐकून शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ पंचांग चुकल्याच्या शंकेने घराकडे वळले.

खेळातून अभ्यासात झालेल्या आयातीत सर्वच माल असा निर्दोष नव्हता. धावणाऱ्या गड्याने एकदा दिशा घेतली की खांब गाठीपर्यंत मागे वळायचे नाही, हा खो-खोचा कडक नियम भाचीने उत्तरपत्रिकेलाही लागू केला, आणि लिहिलेले पुन्हा तपासणे हा फाउल असल्याचे गणिताच्या सरांना सांगून त्यांना निरुत्तर केले. वाचनही ती पाटीवरच्या बैठकीत करी: टाचा उचललेल्या, पंजे जमिनीत रोवलेले, एक पाय किंचित पुढे, नजर भूगोलात आणि कान मागे. पाठीमागून कोणी चहाची कपबशी जरा जोराने आपटली, की मान्सूनचे वारे जागीच टाकून ती थेट माजघराच्या दाराशी पोहोचलेली असे.

सवलतीच्या क्रीडागुणांसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावरील शिक्क्यापायी एका कचेरीत आमच्या ज्या खेपा झाल्या, त्यांविषयी मौन बाळगणेच इष्ट. तिथेही आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसले होते, एवढेच नमूद करतो; अर्जदार तेवढा धावत होता.

पूर्वपरीक्षेच्या आधल्या आठवड्यात पंचमीचा घोटा मुरगळला. बाराजणींच्या संघातील एक राखीव मुलगी तिच्या जागी बसू लागली आणि भाचीच्या व्याकरणात मोठेच खिंडार पडले. कारण पंचमीची रूपे त्या घोट्यासकट रजेवर गेली होती. नामतालिकेत नेमके पंचमीचे बहुवचन विचारले गेले.

“मग काय लिहिलंस?” आम्ही धास्तावून विचारले.

“काय लिहिणार! शेजारी चतुर्थी बसली होती, तिलाच खो दिला.”

नामांचे चतुर्थीचे आणि पंचमीचे बहुवचन संस्कृतात एकसारखेच असल्यामुळे बाईंनी पूर्ण गुण दिले, आणि बदली खेळाडूची रीतसर नोंदही मागितली नाही.