गाडीतला बंद पडलेला अँप : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य : एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंग गन, रविवारची सकाळ आणि सल्ला द्यायला दोन शेजारी. शेजारी शोधावे लागत नाहीत. डिकी उघडली की येतात.

सुरुवातीला अँपला एक थाप मारा. उपयोग बहुधा होत नाही, पण ती मारून झाली नाही तोवर शेजारी तुम्हाला पुढे जाऊ देणार नाहीत. थापेने दिवा लागलाच तर हुरळू नका. कुठला तरी जोड सैल आहे आणि तो खंबाटकी घाटात पुन्हा सुटणार आहे.

आता अँप खोलायची अनावर इच्छा होईल. हातात स्क्रूड्रायव्हर, समोर स्क्रू. आवरा. अँप जागा व्हायला तीनच तारा लागतात : बॅटरीकडून आलेली जाड लाल, बॉडीला जोडलेली काळी आणि डेककडून येणारी बारीक निळी, म्हणजे रिमोट. डेक चालू करा. मल्टीमीटरचा काळा प्रोब ग्राउंडवर धरा आणि लाल प्रोब उरलेल्या दोन टर्मिनलवर पाळीपाळीने टेकवा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. लाल तारेवर शून्य असेल तर बॅटरीजवळचा फ्यूज बघा. निळीवर शून्य असेल तर अँप निर्दोष आहे, त्याला ऊठ म्हणून कोणी सांगितलेलंच नाही. दोन्हीकडे व्होल्ट ठीक, पण आवाज वाढवला की अँप मान टाकतो? मग काळी तार. फिटिंगवाल्याने ती थेट रंगावर स्क्रू मारून बसवलेली असते. रंग खरवडा, पत्रा चमकू द्या.

उडालेला फ्यूज दिसला की एक शेजारी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घेऊन हजर होतो. त्याला चहा द्या, कागद घेऊ नका. फ्यूज असतो बॅटरीपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून गेलेली तार जळू नये म्हणून. तुमच्या गाण्यांशी त्याला काही देणंघेणं नाही. जाता जाता एक गणित : डब्यावर १५०० वॅट छापलंय आणि फ्यूज ३० अँपिअरचा आहे. १४ व्होल्टने गुणा. ४२० येतात. त्यातलेही बरेच हीटसिंक तापवण्यात जातात. उरलेले हजारभर वॅट स्टिकरमध्ये असतात.

लाल ‘प्रोटेक्ट’ दिवा लागला असेल तर स्पीकरच्या तारा आणि डेककडून गाणं आणणाऱ्या आरसीए तारा सोडवून अँप पुन्हा चालू करा. दिवा गेला? दोष बाहेर आहे. बहुतेक वेळा स्पीकरची तार दाराच्या बिजागरीत चिरडून बॉडीला टेकलेली असते. तसाच राहिला? अभिनंदन, आता खोला.

पण आधी लाल-काळ्या तारा काढा आणि मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या. आत तांब्याच्या तारेचं कडं दिसेल, तो ट्रान्सफॉर्मर. त्याच्या शेजारी ओळीने उभे असलेले मॉसफेट बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून त्याला पुरवतात, आणि सगळ्यात आधी तेच बळी जातात. मीटर बीपवर ठेवून मधल्या आणि उजव्या पायाला लावा. बीप वाजली तर गेला. मात्र ते समांतर जोडलेले असतात. एक गेला तरी सगळे ओरडतात. सुटा करूनच निकाल द्या. बदलताना सगळी ओळ बदला, गेटचे छोटे रेझिस्टरही तपासा. आयआरएफझेड४४एन हा मॉसफेट लॅमिंग्टन रोडवर मिळतो. भाव ऐकून फार आनंद झाला तर तो नकली समजा.

नवे मॉसफेट लावल्यावर थेट बॅटरी जोडणारे शूर असतात, आणि त्यांना लॅमिंग्टन रोडची वाट पाठ असते. तुम्ही हेडलाइटचा जुना बल्ब लाल तारेत मालिकेत लावा. अँप सुरू करताना बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे; पण जळलं काहीच नाही.

राहिली ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ. ती शेजाऱ्याला टर्बो वाटते, असते अल्टरनेटरची. आरसीएच्या तारा पॉवरच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

शेवटी गेन. ते आवाजाचं बटण नाही. डेक पाऊण आवाजावर ठेवून, सूर फाटायच्या अलीकडे थांबेल इतकंच फिरवा, आणि स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय ते पुतण्याला सांगू नका.